आधी दाब उतरवा

मी एक जुना, करवतीने मधोमध कापलेला पेट्रोल फिल्टर आहे, आणि माझ्या या अवताराची मला जराही लाज वाटत नाही. कसालहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड आहे. तिच्या खिडकीच्या फळीवर माझे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. गाडी घेऊन आलेली माणसं मला बघून नाक मुरडतात. ही घाण इथे कशाला ठेवली आहे, असं विचारतात. मित्रांनो, ही सगळी घाण मी अडवलेली आहे. ज्याला ती बघवत नाही त्याने खुशाल दुसरीकडे बघावं. मी मात्र माझी गोष्ट सांगणार आहे, आणि ती कोणाची कीव मिळवण्यासाठी सांगणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मुठीएवढा पत्र्याचा डबा, दोन्ही टोकांना एकेक तोंड, आणि पोटात चुण्या घालून बसवलेला पिवळसर कागद, एवढाच माझा संसार. एका तोंडाने पेट्रोल आत यायचं, कागदातून गाळून दुसऱ्या तोंडाने इंजिनाकडे जायचं. ते कुठून कुठे जायचं ते कळावं म्हणून माझ्या अंगावर एक बाण उठवला होता. त्या बाणाचा मला फार अभिमान होता. मला उलटा बसवून चालत नाही, हे तो बाण न बोलता सांगायचा.

आता एक गोष्ट नीट ऐकून ठेवा, कारण पुढची सगळी हकीकत तिच्यावर उभी आहे. गाडीच्या टाकीत एक पंप असतो. तो पेट्रोल जोराने पुढे ढकलत राहतो. तुमच्या गाडीच्या चाकात हवेचा जेवढा दाब असतो त्याहून जास्त दाब माझ्या पोटात असतो. चावी फिरवली, इंजिन थांबलं, दिवे गेले, माणसं उतरून घरात गेली, तरी तो दाब नळीत आणि माझ्या पोटात तसाच दबा धरून बसलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गाडी निजली. मी निजलेला नसतो.

मला मालवणच्या सेलेस्तीनबाईंच्या व्हॅनखाली बसवलं. सेलेस्तीनबाई पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या आणि आवाजाने त्याहून भरलेल्या. त्यांच्या शेजारी माई राहायच्या. माई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ओरोसला डायलिसिसच्या मशीनवर जाणं त्यांच्या नशिबी आलं. एसटीने जाताना चक्कर येऊन त्या एकदा स्टँडवरच पडल्या. त्या दिवसापासून सेलेस्तीनबाई त्यांना आपल्या व्हॅनमधून न्यायला लागल्या. मग आजूबाजूचे आणखी दोघे रुग्ण आले. व्हॅनच्या मागच्या सीटवर उशा आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, उलटी झालीच तर म्हणून एक बादली आली. सकाळी मालवणहून निघायचं, कट्टा गावावरून कसालला महामार्गाला लागायचं आणि ओरोस गाठायचं, हा आमचा रस्ता ठरून गेला.

माईंना गप्प बसवत नसे. मशीनवरून परतताना त्या गळून गेलेल्या असत, तरी वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक पाटीवरचं चुकीचं शुद्धलेखन त्या मोठ्याने सुधारत. बाकीचे दोघे हसत. सेलेस्तीनबाई इंजिनाचं कौतुक करत. “ह्या माझ्या घोड्यान कधी दगो दिलो नाय,” असं म्हणून त्या डॅशबोर्डावर थाप मारायच्या. घोड्याला स्वच्छ पाणी कोण पाजतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही मनावर घेतलं नाही. मी जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबकळत होतो. रस्त्यावरचा चिखल माझ्यावर उडत होता, खारा वारा माझा पत्रा खात होता, आणि मी गाळत होतो.

पण समुद्राकाठची हवा टाकीलाही सोडत नाही. टाकीच्या आतून गंजाची पूड सुटू लागली. ती सगळी माझ्याकडे यायची. मी तिला पुढे जाऊ दिलं नाही. एकेक चुणी भरत गेली. दरवेळी सर्व्हिसिंगच्या वेळी कोणीतरी म्हणायचं, फिल्टर बदलायला झाला, आणि सेलेस्तीनबाई म्हणायच्या, पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला माणसं ओरोसला पोचवायची असायची. मी चोंदत गेलो. सपाटीवर कसंतरी भागायचं. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागायचं आणि माझ्यातून तेवढं निघायचंच नाही.

एका सकाळी कट्ट्याच्या पुढच्या चढावर व्हॅन आचके देऊ लागली आणि भर चढात बंद पडली. मागे दगडांनी भरलेला डंपर होता. सेलेस्तीनबाईंनी हातब्रेक असा ओढला की मला वाटलं तो तुटूनच हातात येणार. व्हॅन तरी थोडी मागे घसरली. डंपरवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून बरं. माई खिडकीतून बाहेर बघत शांतपणे म्हणाल्या, “सेलेस्तीन, मला मशीनवर मरायचं नाही हे खरं, पण इथेही मरायचं नाही.” थोडा वेळ थांबून व्हॅन पुन्हा सुरू झाली आणि रडतखडत ओरोसला पोचली. तिघांना मशीनवर सोपवून सेलेस्तीनबाई तडक मागे फिरल्या आणि कसालच्या एका गॅरेजसमोर येऊन थांबल्या.

ते गॅरेज हरिश्चंद्र मेस्त्रींचं. महामार्गालगतच्या एका गाळ्यांच्या रांगेत शेवटचा गाळा. मेस्त्री साठीकडे झुकलेले, हाताने चांगले, तोंडाने कमी. त्यांच्याकडे वेनेसा कामाला होती. वेनेसा मालवणचीच. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिक्षण घेऊन ती नोकरी शोधत हिंडली तेव्हा बाकीच्या गॅरेजवाल्यांनी तिला बिलं फाडायच्या टेबलावर बसायला सांगितलं होतं. मेस्त्रींनी तिला पाना दिला. तिला जे येत होतं त्यातलं बरंचसं त्यांनीच, स्वतः गाडीखाली आडवं पडून, शिकवलेलं होतं. ती त्यांना मानायची.

मित्रांनो, मी व्हॅनच्या पोटाखाली असल्यामुळे मला माणसांचे पाय तेवढे दिसायचे. पण पायांवरूनही पुष्कळ कळतं, खाली बसलेला माणूस पूर्ण दिसतो, आणि जे दिसलं नाही ते मी पुढे शेडमध्ये ऐकलं. त्या दिवशी मला आधी दिसले ते शेजारच्या गाळ्यासमोर उकिडवं बसलेल्या बाळाचे पाय. बाळा वेल्डिंग करायचा. त्याच्यापुढे लोखंडाची एक मोठी कमान आडवी पडली होती आणि तिच्या सांध्यावरून ठिणग्यांचा सडा आमच्या गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत येत होता. ती कमान भाईंची. त्या रांगेतले सगळे गाळे भाईंच्या मालकीचे होते. संध्याकाळी त्यांच्या नव्या लॉजचं उद्घाटन होतं आणि कमान त्याआधी दारात उभी राहायला हवी होती.

“मेस्त्री, चढावार गाडी मरता,” सेलेस्तीनबाई सांगत होत्या. “सपाटीर बरी चलता. माझी माणसां ओरोसाक मशीनवर आसत. तेंका आणूक जावचा आसा. वायच बेगीन बघा.”

वेनेसाने व्हॅन सुरू करून गाळ्यात घेतली, इंजिनाचा वेग चढवून बघितला, मग खाली वाकून माझ्याकडे बॅटरीचा झोत टाकला. “फिल्टर चोंदलो आसा,” ती म्हणाली. “बदलूक व्हयो.”

“मगे बदल,” मेस्त्री म्हणाले.

“बदलतंय. पण आधी दाब उतरवूक व्हयो. आणि बाळाचा वेल्डिंग बंद होवक व्हया. हय पेट्रोल सांडतला.”

मेस्त्री उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, “वेल्डिंग बंद जावचा नाय. भाईंची कमान सांजेक उभी रवाक व्हयी.”

“मगे गाडी मागल्या अंगणात नेवया.”

“थंय भाईंचे पायप पडलेहत.”

“बाजूक करूया.”

“गो, तू ऐकतंस काय?” मेस्त्रींचा आवाज चढला. “भाई सकाळधरून दोनदा येवन गेले. गाळ्यासमोर गाड्यांची गर्दी नको म्हणतत. ही गाडी हयसून लवकर जावक व्हयी. नट सोड, दुसरो फिल्टर लाव, मोकळी हो.”

“मी तसो हात लावूचंय नाय,” वेनेसा म्हणाली.

“तू माका शिकवतंस?”

“मी काय शिकवतलंय? तुमीच माका शिकवलात. इंजिन मेला म्हणान नळी मेली नाय, ह्यां तुमीच सांगितलास.”

हे खरं होतं. मेस्त्रींना सगळं ठाऊक होतं. तिथे अडाणी कोणीच नव्हतं. ज्यांनी ही गोष्ट शिकवली त्यांनाच त्या दिवशी ती नको झाली होती, कारण गाळ्याचा करार संपत आला होता आणि भाईंची मर्जी सांभाळायची होती. माणूस घाबरला की त्याला आपलीच विद्या अडचणीची वाटू लागते. मला तेव्हा मेस्त्रींचा फार राग आला होता. अजूनही पूर्ण गेलेला नाही.

“दी हय तो पानो,” ते म्हणाले.

“मेस्त्री, पंपाचो फ्यूज तरी काढूक देवा.”

“नट अर्धो आटो फिरवलो म्हणान काय होता नाय.”

त्यांनी गोणपाट अंथरलं आणि ते माझ्याखाली उताणे सरकले. त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसला. थकलेला, घामेजलेला चेहरा. डोळ्यांवर चष्मा नव्हता, हाताशी फडकं नव्हतं. त्यांनी माझ्या नटाला पाना लावला. मित्रांनो, मी धरून ठेवलं. खाऱ्या वाऱ्याने नट गंजून घट्ट बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गंजाचा आधार वाटला. त्यांनी एकदा ओढलं, मी हललो नाही. पुन्हा ओढलं, तरी नाही. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो, की बाबा रे, माझ्या पोटात काय आहे ते तुला माहीत आहे. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला आणि नट फिरला.

साचलेला दाब एका चिळकांडीने बाहेर आला. पेट्रोल त्यांच्या डोळ्यांत गेलं, तोंडावर, छातीवर गेलं, खाली गोणपाटात भिनलं आणि तिथून फरशीवर पसरत उंबऱ्याकडे निघालं. उंबऱ्यापलीकडे बाळाच्या ठिणग्या पडत होत्या.

वेनेसाचे पाय मला दिसले. ते पळाले नाहीत. ते सरळ बाळाच्या आणि आमच्यामध्ये जाऊन उभे राहिले.

“बाळा, उचल,” ती म्हणाली. एवढंच. बाळाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातला वेल्डिंगचा होल्डर वर उचलला. ठिणग्या थांबल्या. मग ती रांगेच्या पार त्या टोकाला धावत गेली आणि तिने सगळ्या गाळ्यांचा मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, रेडिओ थांबला, पलीकडच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन थांबलं. परत आली ती वाळूची बादली घेऊनच. बाळाच्या तापलेल्या सांध्यापुढे तिने वाळूचा बांध घातला. सेलेस्तीनबाईंनी मेस्त्रींचे पाय धरून त्यांना ओढून बाहेर काढलं. वेनेसा त्यांच्या जागी खाली सरकली. माझ्यातून अजून पेट्रोल ठिबकत होतं. तिने नट पुन्हा आवळला. पाना एकदाही घसरला नाही.

काही पेटलं नाही. मित्रांनो, गोष्ट इथे थोडक्यात संपते असं तुम्हांला वाटत असेल, तर तसं नाही. खरी झटापट आता सुरू झाली.

सेलेस्तीनबाईंनी मेस्त्रींना नळाखाली बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरली. ओला सदरा त्यांच्या अंगावरून उतरवून लांब टाकला. मेस्त्री डोळे उघडत नव्हते. एवढ्यात पांढऱ्या सँडली घातलेले पाय भरभर आले. ते भाई.

“लायट कोणी घालवली?”

“मी,” वेनेसा म्हणाली. ती रांगेच्या टोकाला, स्विचसमोर जाऊन उभी राहिली होती.

“लाव.”

“जमीन सुकल्याशिवाय लावूचंय नाय.”

“उद्घाटन आसा माझा आज. कमान अर्धी पडली आसा. ठावक आसा?”

“ठावक आसा. पेट्रोलाचो वास जावंदे, मगे लावतलंय.”

“हे गाळे कोणाचे, ताही ठावक आसा मा?”

“तुमचे. म्हणानच सांगतंय. पेटले असते तर तुमचेच पेटले असते.”

आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले होते. भाई दोन पावलं पुढे झाले. वेनेसा हलली नाही. तिची पाठ स्विचच्या पेटीला टेकली होती. भाईंनी तिला हात लावला नाही, पण त्यांनी मान वळवली आणि नळाकडे बघून आवाज दिला.

“हरिश्चंद्र, ह्या चेडू उद्यापासून हय दिसता नये. काय तां आत्ताच सांग.”

मेस्त्री नळाखाली तसेच बसून होते. मला वाटलं, आता हा माणूस हो म्हणणार. त्याचे हात बघून मला तसंच वाटलं. तो गुडघे आवळून बसला होता.

तेवढ्यात वेनेसा बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता. “मेस्त्री, मी आपणहून जावचंय नाय. काढूचा असात तर तुमी काढा. पण कित्याक काढलात, तां ह्या सगळ्यांसमोर सांगा.”

सेलेस्तीनबाईंनी नळ बंद केला. मेस्त्री उठले. डोळे लालबुंद, अंगावर नुसती भिजलेली बनियन. भिंतीचा आधार घेत घेत ते अनवाणी रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले आणि वेनेसाच्या शेजारी उभे राहिले. त्यांना धड दिसतही नव्हतं. भाई जिथे होते त्याच्या जरा डावीकडे बघून ते बोलले.

“भाई, चूक माझी. तिना दाब उतरवूक सांगितलेला. मी ऐकूक नाय. तिना स्विच पाडलो नसतो तर मी जळलो असतंय.” त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, “तिका मी काढूचंय नाय. गाळो व्हयो असलो तर घेवा.”

भाई बघतच राहिले. “शुद्धीवर आसस मा?”

“डोळे गेलेहत. शुद्ध आसा.”

कोणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. “बघ हां,” भाई म्हणाले, “मगे रडत येव नको.” पांढऱ्या सँडली आल्या तशा भरभर निघून गेल्या.

त्यानंतर स्विच बराच वेळ खालीच राहिला. मेस्त्रींना जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे वाचले. बाळाने स्वतः मागच्या अंगणातले भाईंचे पाइप एका बाजूला रचले. ज्या कामासाठी मघाशी वेळ नव्हता ते त्याने घाम पुसेपर्यंत उरकलं. मग सेलेस्तीनबाई स्टिअरिंगवर बसल्या आणि वेनेसा, बाळा नि झेरॉक्सवाला अशा तिघांनी व्हॅन ढकलत अंगणात नेली. उघडं आकाश, वारा, आजूबाजूला ना ठिणगी, ना शेगडी.

सेलेस्तीनबाईंनी ओरोसला फोन लावला आणि उशीर होईल म्हणून सांगताना त्यांचा तो भरलेला आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. पलीकडून माईंचा आवाज मला ऐकू आला. “अगं, आम्ही झाडाखाली बसलो आहोत. मशीनला बांधून पडून राहायला शिकलो, मग बाकावर बसून राहायला काय झालं? काम पुरं करून ये. अर्धवट करून आलीस तर मी गाडीत बसणार नाही.”

आता वेनेसाने ते काम केलं, जे आधीच व्हायला हवं होतं. तुम्ही मोठे झालात आणि कोणा जाणत्या माणसाबरोबर गाडीवर काम करायची वेळ आली, तर ते तुमच्या ध्यानात असू द्या. तिने आधी इंजिन आणि धुराची नळी निवू दिली. डोळ्यांना चष्मा लावला. मग फ्यूजची पेटी उघडून पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज उपटून काढला, म्हणजे पंप मुका झाला. मग तिने इंजिन सुरू केलं. पंप बंद असला तरी नळीत आणि माझ्या पोटात जे शिल्लक होतं त्यावर इंजिन चाललं, आणि तेवढं जळून गेल्यावर खोकत खोकत आपोआप बंद पडलं. तिने चावी पुन्हा फिरवून बघितली. ते उठलं नाही. माझ्या पोटातला उरलासुरला ताणही सैल झाला. इतक्या वर्षांत तो असा सैल झालेला मला आठवत नव्हता.

मग तिने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. माझ्याखाली डबा ठेवला, नटाभोवती फडकं गुंडाळलं आणि पाना सावकाश, अगदी सावकाश फिरवला. फडकं ओलं झालं. थोडे थेंब डब्यात पडले. बस्स, तेवढंच. ज्या नटाने दुपारी एका माणसाचे डोळे जाळले होते, तोच नट आता पाण्याच्या बाटलीचं झाकण निघावं तसा निघाला.

मी बाहेर आलो. माझ्या जागी नवा फिल्टर बसला. त्याच्या अंगावरचा बाण इंजिनाकडे आहे ना, हे वेनेसाने दोनदा बघितलं. वायर जोडली, फ्यूज लावला, इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून पंप चालू केला आणि खाली वाकून प्रत्येक सांध्यावरून नजर फिरवली. कुठे ओल नाही हे बघूनच तिने इंजिन सुरू केलं. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. चांगला होता.

मग तिने मला उलटं करून एका पांढऱ्या कापडावर रिकामं केलं. काळं, तांबूस, चिखलासारखं काहीतरी बाहेर आलं.

“ह्यां सगळा माझ्या टाकीतला?” सेलेस्तीनबाईंनी विचारलं.

“होय,” वेनेसा म्हणाली. “हेणां अडवला म्हणान तुमचो घोडो जगलो.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. ते मला गाडीतून निघाल्यावर मिळालं. उशिरा मिळालं म्हणून मी ते नाकारलं नाही.

पुढे काय झालं ते साधं आहे. कराराची मुदत संपली आणि भाईंनी गाळा काढून घेतला. कोर्टकचेरी, मारामारी काही झालं नाही. भाईंनी तशी काही गरज ठेवलीच नव्हती. मेस्त्री आणि वेनेसा दोघांनी मिळून मालवण रस्त्यावर ही शेड उभी केली. तिचे खांब बाळाने जोडून दिले, सगळं रान मोकळं करून, वाऱ्याची दिशा बघून. महामार्गावरची गिऱ्हाइकं इथवर येईनात. पहिला पावसाळा फार कठीण गेला. मेस्त्री कित्येक दिवस नुसते रस्त्याकडे बघत बसलेले मी पाहिले आहेत. पण त्या दुपारी बोललेले शब्द त्यांनी कधी मागे घेतलेले मी ऐकले नाहीत, आणि वेनेसानेही ते त्यांना कधी ऐकवून दाखवले नाहीत. मला महिनाभर उन्हावाऱ्यात वाळवून, पेट्रोलचा वास पार गेल्यावर, तिने करवतीने कापलं आणि या फळीवर मांडलं. सेलेस्तीनबाईंची व्हॅन अजून ओरोसला जाते. माई शेडसमोर गाडी थांबवायला लावतात आणि दारावरच्या पाटीतला ऱ्हस्व-दीर्घ कसा चुकला आहे ते दरवेळी सांगतात. पाटी कोणी बदलत नाही. बहुतेक माईंना बोलायला काहीतरी असावं म्हणून.

गेल्या आठवड्यात एक तरुण मोठी गाडी घेऊन आला. गोव्याला जायची घाई होती. त्याला फिल्टर बदलून हवा होता आणि तोही उभ्या उभ्या. इंजिन इतकं तापलं होतं की बॉनेटवर हात ठेववत नव्हता.

“वायच थांबा,” मेस्त्री त्याला म्हणाले. “इंजिन निवांदे. मगे दाब उतरवतंव, मगे फिल्टर.”

“इतकं काही करावं लागत नाही,” तो म्हणाला. “मागच्या वेळी एकाने पाच मिनिटांत करून दिलं होतं.”

“तो खंय आसा?”

“कोण?”

“तो पाच मिनिटांवालो. तेच्याकडे जावा.”

तरुणाने वेनेसाकडे बघितलं. ती माझ्या शेजारी, फळीला टेकून उभी होती. तिने नकारार्थी मान हलवली. तो रागाने गाडीत बसला, दार आपटलं आणि धूळ उडवत निघून गेला. त्या दिवसाचं ते एकच गिऱ्हाईक होतं. मेस्त्रींनी हात धुतले, वेनेसाने डबा उघडला, आणि दोघं जेवायला बसली. आमटीत मीठ जास्त झालं आहे यावरून त्यांचं बोलणं चाललं होतं.

मित्रांनो, मला सांभाळून ठेवा अशी विनवणी मी तुम्हांला करणार नाही. मी आता कापलेला डबा आहे, माझं काम मी केलं. पण तुमच्या घरच्या गाडीखाली माझा एक भाऊ आत्ता या घटकेला लटकलेला आहे. त्याला वेळेवर बदला. तो चोंदेपर्यंत ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत राहू नका. आणि त्याला सोडवताना आधी त्याच्या पोटातला दाब उतरवा. तुमच्यामागे उभं राहून कोणी घाई करील. तो तुमचा मालक असेल, वडीलधारा असेल, तुम्हांला शिकवणारा गुरूही असेल. त्याला थांबायला सांगा. नाही थांबला, तर पाना खाली ठेवा आणि हलू नका.